'खवला' आणि 'कात' : त्वचाविषयक परिभाषेचा विचार

पृष्ठवंशी प्राण्यांच्या त्वचेचे वर्णन मराठीत करताना 'बाह्यत्वचा' व 'अंतस्त्वचा' ही जोडी योजण्याचा प्रघात आहे. जोडी सुबोध खरी. परंतु ती केवळ स्थान सांगते, उत्पत्ती सांगत नाही. बाह्यत्वचा भ्रूणाच्या बाह्यस्तरापासून होते, हे नावाशी जुळते. त्याच न्यायाने अंतस्त्वचा अंतःस्तरापासून होत असावी असा तर्क विद्यार्थी करील, आणि फसेल. कारण ती बहुतांशी मध्यस्तरापासून निर्माण होते.

याहून मोठा घोटाळा 'खवला' या शब्दाने केला आहे. वेसाव्याच्या मासळीबाजारात जिताड्याचे जे खवले काढले जातात ते अंतस्त्वचेत घडलेले, अस्थिसदृश असतात. त्यांवर जिवंत बाह्यत्वचेचे पातळ पांघरूण असते. मुशीच्या अंगावरून शेपटीकडून डोक्याकडे हात फिरविला तर तो कानसेवरून फिरविल्यासारखा वाटतो. तिच्या सूक्ष्म खवल्यांची घडण तर दातांचीच, म्हणजे दंतिनाची आहे. याउलट बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील धामणीचे खवले बाह्यत्वचेचे, केराटिनयुक्त होत. कोकणातील खवले मांजराचेही तसेच. संरक्षण हे कार्य समान, म्हणून लोकभाषेने एकच शब्द वापरला. कोळणीला त्याहून अधिक भेदाची गरजही नाही. परंतु पाठ्यग्रंथांनी तोच शब्द विशेषणाविना स्वीकारावा, हे समर्थनीय नव्हे. 'अस्थिमय खवला' व 'शृंगी खवला' एवढा भेद केला तरी पुष्कळ काम होईल.

गंमत अशी की, जेथे परिभाषा दुबळी आहे तेथे लोकभाषा नेमकी आहे. साप टाकतो ती 'कात' : डोळ्यांवरील पारदर्शक आवरणासकट सुटून आलेला बाह्यत्वचेचा मृत थर. चर्मकार कमावतो ते 'चामडे' : चुन्याच्या निवळीत केस व बाह्यत्वचा काढून टाकल्यावर उरलेली, कोलॅजेनच्या तंतूंनी विणलेली अंतस्त्वचा. दोन थरांना दोन शब्द पूर्वीपासून होते. परिभाषाकारांनी त्यांच्याकडे पाहिले नाही. अर्थात चामडे ही निर्जीव वस्तू असल्याने तो शब्द जसाच्या तसा घेता येणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. 'कात' या शब्दाबाबत मात्र तो लागू पडत नाही.

तरीही त्या शब्दाची व्याप्ती तपासली पाहिजे. आरेच्या पावसाळी डबक्यांतील बेडूक ओल्या त्वचेतून श्वसन करतो, आणि तोही ठराविक काळाने बाह्यत्वचेचा थर टाकतो. पण टाकलेला थर तो बहुधा लगेच खाऊन टाकतो. म्हणूनच कदाचित मराठीत 'कात' सापाच्याच वाट्याला आली.