पोकरवर घर चालवायचं तर तयारी किती? एका उत्तराची चिकित्सा

(कोन, पनवेल इथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

विषय वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. "तत्त्वज्ञानाचा मास्तर आणि पत्त्यांवर बोलणार?" हो, बोलणार. कारण नोकरी सोडून पूर्णवेळ पोकर खेळायचं तर हाताशी किती पैसे हवेत, हा प्रश्न आजची मुलं मनापासून विचारतात. जुगार वाईट, असं म्हणून तो झटकणं सोपं आहे. मी झटकणार नाही. मला चिकित्सा करायची आहे ती त्या प्रश्नाच्या ठरीव उत्तराची.

ते उत्तर असं. टेबलावर बसायला जेवढी रक्कम लागते, तिच्या वीस ते चाळीस पट रक्कम फक्त खेळासाठी वेगळी ठेवा. तिला म्हणायचं बँकरोल. शिवाय सहा महिने ते वर्षभराचा घरखर्च बाजूला काढा. मग राजीनामा द्या.

या उत्तरातला चांगुलपणा आधी मान्य करू या. ते मुद्दल आणि खर्चाचे पैसे वेगळे करायला शिकवतं. आपल्या भागात सिडकोनं जमिनी घेतल्या, मोबदले आले, साडेबारा टक्क्यांचे भूखंड आले. मुद्दलालाच उत्पन्न समजलं की घराचं काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

पण उत्तर अपुरं आहे. का, ते बघा.

समजा एक मुलगा खरोखर चांगला खेळतो. दहा लाखांचा बँकरोल आहे. महिन्याला सरासरी साठ हजार जिंकतो. सरासरी हा शब्द लक्षात ठेवा. एखाद्या महिन्यात दोन लाख वर, एखाद्या महिन्यात दोन लाख खाली, हा त्या खेळाचा स्वभावच. संख्याशास्त्रात ज्याला प्रमाण विचलन म्हणतात ते महिन्याला दोन लाख धरा. आता दिवाळं निघण्याची शक्यता काढण्याचं एक गणित आहे. पास्कल आणि हायगेन्स यांनी सतराव्या शतकात मांडलेल्या जुगाऱ्याच्या दिवाळ्याच्या प्रश्नापासून ते सुरू होतं. त्या हिशेबानं या मुलाचे सगळे पैसे कधी ना कधी संपण्याची शक्यता येते शंभरात पाच. वाईट नाही.

पण हे गणित एक गोष्ट गृहीत धरतं. डब्यातून कोणी पैसे काढत नाही! पूर्णवेळ खेळणाऱ्याला तर दर महिन्याला काढावेच लागतात. भाडं, किराणा, शाळेची फी. बाजूला काढलेलं वर्ष संपलं की घर त्या बँकरोलवरच येतं. धरा पन्नास हजार. मग साठातले उरले दहा. चढउतार मात्र तेवढाच, दोन लाखांचा. आता तेच गणित करा. शक्यता शंभरात पाचावरून साठाच्या वर जाते. मुलगा तोच, कौशल्य तेच, बँकरोलही तोच. बदललं एवढंच, की स्वयंपाकघर टेबलावर येऊन बसलं. हौशी खेळाडूचा नियम पोटासाठी खेळणाऱ्याला लावला, ही या उत्तराची पहिली चूक.

दुसरी चूक, धोका फक्त पत्त्यांत आहे असं मानणं. पत्त्यांच्या खेळात जिंकलेल्या रकमेवर आयकर सरसकट 30 टक्के. त्यातून खर्चाची वजावट नाही, हरलेल्या रकमेची नाही. समजा वर्षभरात जिंकलेले डाव वीस लाखांचे, हरलेले चौदा लाखांचे. हातात उरले सहा. वीस लाखांवर 30 टक्के किती? सहाच. मग खाल्लं काय? आणि ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. 22 तारखेला राष्ट्रपतींची सही झाली आणि पैशाची ऑनलाइन टेबलं बंद झाली. कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा भेदच त्या कायद्यानं ठेवला नाही. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, पण त्याचं दुकान एका आठवड्यात गेलं. चाळीस पट बँकरोल त्याला काय वाचवणार?

इथे कोनमध्ये गिरणी कामगारांसाठीच्या घरांच्या इमारती उभ्या आहेत. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा घरोघरी हाच हिशेब झाला असणार, किती महिने पुरेल? ते लोक जुगारी नव्हते, हक्कासाठी लढत होते. तुलना फक्त हिशेबाची आहे. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. आणि या घरांची सोडत निघाली 2016 साली. शेवट कधी हेच माहीत नसेल, तर "सहा महिन्यांची तयारी" या शब्दांना अर्थ किती?

तुम्ही म्हणाल, शेतकऱ्याचंही अनिश्चितच असतं. बरोबर. पण पीक बुडालं तर जमीन उरते, आणि पाऊस नव्हता हेही कळतं. पोकरमध्ये सहा महिने हरलात, तर नशीब फिरलं की तुम्ही कच्चे आहात, हे कळत नाही. सहा महिने जिंकलात तरी कळत नाही. मला तत्त्वज्ञानाचा माणूस म्हणून हे सगळ्यात गंभीर वाटतं. ज्या धंद्यात स्वतःबद्दलचं ज्ञान इतक्या उशिरा येतं, तिथे पैशाआधी नोंदवही हवी. दोन-तीन वर्षांची, एकेका बैठकीची, नोकरी सांभाळून लिहिलेली.

आता शेवटचा आणि माझ्या मते खरा मुद्दा. महाभारतात नलराजा ऋतुपर्णाकडून अक्षविद्या शिकतो आणि गेलेलं राज्य परत जिंकतो. कौशल्याची बाजू मांडणारे नलाचं नाव घेतात, घ्यावं. पण सभापर्वात द्रौपदी एक प्रश्न विचारते. युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की मला? स्वतःला हरलेल्याला मला पणाला लावायचा अधिकार उरतो का? भीष्मांनाही त्याचं सरळ उत्तर देता आलं नाही. हा प्रश्न पैसे पुरतात का असा नाही. पणाला लावलंय ते तुझं आहे का, असा आहे.

म्हणून माझी कसोटी अशी. बँकरोलच्या रकमेत आईचा, बहिणीचा, बायकोचा हिस्सा आहे का? सातबाऱ्यावरची नावं आठवा. असेल, तर त्यांना वरचं शंभरात साठाचं गणित समजावून सांगा, आणि कुठे थांबायचं तो आकडा त्यांच्यासमोर कागदावर लिहा. हे करायची हिंमत होत नसेल, तर खात्यात कितीही शून्यं असोत, तयारी झालेली नाही. आणि करून त्या "नको" म्हणाल्या, तर तो उपदेश समजू नका. आपल्या वाट्याबद्दल हिस्सेदारानं दिलेला तो निर्णय आहे.

आता प्रश्न घेऊ या.