लिनक्सचे इन्स्टॉलेशन आणि दृष्टिहीन वापरकर्ता : डेबियनच्या निमित्ताने

मुक्त सॉफ्टवेअरच्या चर्चेत ‘स्वातंत्र्य’ हा शब्द वारंवार येतो. प्रणाली तपासावी, बदलावी, इतरांना द्यावी, हे त्यातील अभिप्रेत अर्थ होत. परंतु दृष्टिहीन व्यक्तीच्या संदर्भात त्याआधीचा एक प्रश्न उरतोच : ती प्रणाली तिला स्वतःच्या संगणकावर स्वतः बसविता येते काय? ‘ऑर्का’ हा स्क्रीनरीडर २००६ पासून ग्नोममध्ये समाविष्ट आहे. पण ऑर्का बोलण्यासाठी प्रणाली आधी चालू झालेली हवी. म्हणून लिनक्सच्या सुगम्यतेची खरी परीक्षा इन्स्टॉलेशनच्या वेळीच होते, असे प्रस्तुत लेखात प्रतिपादन करावयाचे आहे.

डेबियन या परीक्षेत बऱ्याच अंशी उत्तीर्ण होते. ब्रेल डिस्प्लेची सोय तेथे पूर्वीपासून होती. मात्र हे उपकरण महागडे, आपल्याकडे तर दुर्मीळच. ते नसणाऱ्यांनाही केवळ ऐकून डेबियन बसविता येते, ही बाब २०१३ मधील डेबियन ७ च्या वेळी ठळकपणे जाहीर झाली. बूट मेनू तयार झाला की संगणक ‘बीप’ असा आवाज करतो. ‘एस’ आणि एंटर दाबताच इन्स्टॉलर बोलू लागतो. अलीकडच्या आवृत्त्यांत कोणतीही कळ दाबली नाही, तर सुमारे ३० सेकंदांनी वाणी आपोआप सुरू होते. ही तरतूद लहान दिसली तरी तिच्यामागील विचार मूलगामी आहे. डोळस माणूस मेनू पाहून काही तरी निवडतोच. जो काहीच निवडत नाही, त्याला कदाचित मेनू दिसत नसेल, हे येथे गृहीत धरले आहे. ‘ईस्पीक’चा आवाज यांत्रिक, प्रसंगी कर्कश, हे मान्य करावे लागेल. तरीही वाणीची व्यवस्था बसविलेल्या प्रणालीतही कायम राहते, त्यामुळे पुढच्या बूटनंतर संगणक मुका होत नाही.

डोळस सहायकाने मदत केली तर बिघडले काय, असा आक्षेप घेतला जातो. परंतु इन्स्टॉलेशनमध्ये प्रशासकाचा पासवर्ड ठरतो, हार्ड डिस्कचे विभाग पाडले जातात, जुनी माहिती कायमची पुसली जाऊ शकते. येथे सहायक केवळ वाचून दाखवीत नाही. तो निर्णय घेऊ लागतो. आपल्याच संगणकाचा पासवर्ड दुसऱ्याकडून टाइप करून घेणे म्हणजे किल्ली परक्याच्या हाती देणे होय.

मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. भाषा निवडण्याचा पहिला प्रश्न इंग्रजीतूनच बोलला जातो. वाणी उपलब्ध असल्यास पुढील प्रश्न निवडलेल्या भाषेत येतात. ‘ईस्पीक एनजी’मध्ये मराठी वाणी आहे; पण मराठी माध्यमातील अंध विद्यार्थ्याला आपल्या भाषेपर्यंत पोहोचण्यासाठी आधी इंग्रजी यादी ओलांडावी लागते. संपूर्ण डिस्क एन्क्रिप्ट केल्यास प्रत्येक बूटच्या वेळी सांकेतिक वाक्य विचारले जाते, आणि तेव्हा वाणी सामान्यतः सुरूच झालेली नसते. याहून मोठी अडचण फर्मवेअरची. यूएसबीवरून बूट करण्यासाठी अनेकदा ज्या सेटिंगमध्ये शिरावे लागते, ती स्क्रीन सहसा बोलत नाही, आणि ती डेबियनच्या कक्षेबाहेरची आहे. महाविद्यालयीन प्रयोगशाळेत निदान एका संगणकाचा बूट क्रम आधीच यूएसबीवर ठेवता येईल. अर्थात सुरक्षेच्या कारणास्तव प्रयोगशाळाप्रमुख त्यास सहजासहजी राजी होत नाहीत, आणि त्यांची शंका अगदीच निराधार असते असेही नाही.