जोड-औषधांची तुलना कशी वाचावी?

द्विध्रुवी विकारात उन्मादाचा झटका लिथियम किंवा व्हॅल्प्रोएटने आवरत नसेल, तर सोबत अँटिसायकोटिक औषध जोडतात. मग ‘त्यातले सर्वांत चांगले कोणते?’ असे आपण लगेच विचारतो. हा प्रश्न जरा घाईचा आहे.

टोहेन व सहकाऱ्यांची २००२ची चाचणी पाहा. लिथियम किंवा व्हॅल्प्रोएट चालू असूनही ज्यांना पुरेसा गुण आला नव्हता, असेच रुग्ण तीत घेतले होते. सहा आठवड्यांनंतर ओलान्झापिन जोडलेल्यांपैकी ६७.७ टक्के सुधारले, तर नकली गोळी जोडलेल्यांपैकी ४४.७ टक्के. पाठ्यपुस्तके पहिला आकडा ठळक करतात. मला दुसरा अधिक बोलका वाटतो, कारण जुने औषध तसेच चालू ठेवूनही शंभरातले जवळजवळ पंचेचाळीस जण सुधारले. शिवाय तुलना नकली गोळीशी होती. रिस्पेरिडोन किंवा क्वेटियापिनपेक्षा ओलान्झापिन सरस आहे का, हे ही चाचणी सांगतच नाही.

मग २०११चे ‘लॅन्सेट’मधले चिप्रियानी व सहकाऱ्यांचे विश्लेषण येते. ६८ चाचण्या एकत्र करून त्यांनी औषधांचा क्रम लावला. हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन व ओलान्झापिन वर आली. काम मोलाचे आहे, पण त्याचे मुख्य मोजमाप तीन आठवड्यांचे. औषध मात्र घरी गेल्यावरही चालू राहते.

समजा, बेंगळुरूत यशवंतपूरच्या बाजार आवारात कांद्याची पोती उचलणारा एक हमाल आहे. झटका ओसरला, तो कामावर परतला. औषधाच्या गुंगीने सकाळी उठवत नसेल तर त्याची मजुरी बुडते. त्याला क्रमवारीतला नंबर कशाला हवा? ‘ही दुसरी गोळी किती दिवस?’ एवढेच तो विचारील.

या प्रश्नाला थेट भिडणारी चाचणी याथम व सहकाऱ्यांनी २०१६मध्ये प्रसिद्ध केली. झटका ओसरल्यावर जोड-औषध लगेच बंद, २४ आठवडे किंवा ५२ आठवडे, असे तीन गट होते. २४ आठवडे घेणाऱ्यांत विकार उलटण्याचा धोका कमी दिसला; एकत्रित निकालात ५२ आठवड्यांनी त्याहून जादा फायदा दाखवला नाही. वजन मात्र ५२ आठवड्यांच्या गटात सरासरी ३.२ किलोने वाढले. पण यात फक्त रिस्पेरिडोन आणि ओलान्झापिन होती, आणि रुग्ण १५९. म्हणून हाच निष्कर्ष क्वेटियापिनला किंवा अरिपिप्राझोलला लावून उत्तर लिहू नका.