‘विकासक’ : एका शब्दाची चिकित्सा

‘विकास’ ह्या शब्दाच्या मुळाशी ‘वि + कस्’, म्हणजे उमलणे, हा अकर्मक धातू आहे. फूल आपले आपण उमलते. ‘विकासक’ ह्या कर्तृवाचक नामाने मात्र हे उमलणे परस्वाधीन केले. हा केवळ शब्दच्छल नव्हे. चार नगरपरिषदा व भोवतालची गावे मिळून २००९ साली वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. २०२५ च्या आरंभी तिने नालासोपाऱ्यातील आरक्षित भूखंडावरच्या ४१ अनधिकृत इमारती पाडल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरारची रमाबाई अपार्टमेंट ही अनधिकृत इमारत कोसळून १७ जण मृत्युमुखी पडले. अशा वस्त्यांच्या पुनर्विकासासाठी खासगी विकासकास वाढीव चटईक्षेत्र द्यावे, असा उपाय सांगितला जातो. परंतु ह्या वाक्यात रहिवासी कोणत्या कारकात आहे? कर्ता तर तो नाहीच. ‘पात्र’ ठरला तर संप्रदान, ‘अपात्र’ ठरला तर वाक्याबाहेर. शिवाय ‘घर देण्यात येईल’ असे लिहिताच देणारा अदृश्य होतो. म्हणून घर कोण व केव्हा देणार, तोवर भाडे कोण भरणार, हे करारनाम्यात कर्तरी प्रयोगानेच यावयास हवे. कर्ता सापडल्यावाचून उत्तरदायित्व सापडत नाही.