छायाचित्रातील वास्तू आणि समीक्षेची चौकट

'उत्तर-आधुनिकता' ही संज्ञा मराठी समीक्षेत प्रामुख्याने साहित्यसिद्धान्ताच्या वाटेने आली. तिला व्यापक प्रतिष्ठा मिळाली ती मात्र वास्तुकलेच्या चर्चेतून. चार्ल्स जेंक्स यांचा उत्तर-आधुनिक वास्तुभाषेवरील ग्रंथ १९७७ चा आहे, तर फ्रेडरिक जेम्सन यांचा बहुचर्चित निबंध १९८४ चा. त्यामुळे साहित्याचा समीक्षक आपल्या विवेचनासाठी अमेरिकी शहरांतील इमारतींचे दाखले देतो, यात वावगे काही नाही. प्रश्न एवढाच की, तो दाखला नेमका कशाचा असतो? बहुतेक वेळा तो इमारतीचा नसून तिच्या छायाचित्राचा असतो. वास्तू चालत, वळत, थांबत, निरनिराळ्या प्रहरी अनुभवायची असते; छायाचित्र तिला एका बिंदूवर आणि एका क्षणावर आणून ठेवते. म्हणजेच छायाचित्र हे वास्तूवरील पहिले भाष्य होय. या भाष्यालाच मूळ संहिता मानले गेले तर त्यावर उभारलेल्या सिद्धान्ताचे काय होते, हे तपासणे आवश्यक ठरते.

आधुनिकतावादी वास्तूंची जी प्रतिमा जगभर रूढ झाली ती घडविण्यात ज्यूलियस शुलमन आणि एझ्रा स्टोलर या दोन छायाचित्रकारांचा वाटा मोठा आहे. शुलमन यांनी १९६० साली पिएर कोनिग यांनी रचलेल्या लॉस एंजलिसमधील 'केस स्टडी हाऊस क्रमांक २२' चे छायाचित्र घेतले. काचेच्या भिंतींची बैठकीची खोली जणू पोकळीत तरंगते आहे, आत दोन तरुणी बोलत बसल्या आहेत आणि खाली शहराचे दिवे क्षितिजापर्यंत पसरले आहेत. हे दृश्य एका क्षणाचे वाटते. ते तसे नाही. शहराचे दिवे उमटावेत म्हणून फिल्म सुमारे सात मिनिटे उघडी ठेवली गेली, आणि मग क्षणिक झोताने आतील भाग त्याच फिल्मवर उजळण्यात आला. ज्या एकसंध क्षणाचा प्रत्यय प्रेक्षकाला येतो तो अशा रीतीने दोन वेगळ्या काळांच्या जोडणीतून निर्माण झालेला आहे. यात फसवणूक नाही, रचना आहे. पण ती रचना आहे याचा विसर पाडणे हेच तिचे कौशल्य होय.

न्यूयॉर्कमधील पार्क अव्हेन्यूवरची सीग्रॅम इमारत (१९५८) या संदर्भात अधिक बोलकी आहे. मीस व्हॅन डर रोह यांनी फिलिप जॉन्सन यांच्या साहाय्याने रचलेली ही ३८ मजली इमारत रस्त्यापासून मागे सरकून, मोकळ्या चौकाआड उभी आहे. स्टोलर यांच्या छायाचित्रांत तिचा कणखर, अलंकारविरहित डौल पूर्णत्वाने उतरला आहे. मात्र दर्शनी भागावर उभ्या रेषांनी चढत जाणाऱ्या ब्राँझच्या तुळया इमारतीचा भार वाहत नाहीत. भार वाहणारा पोलादी सांगाडा अग्निसुरक्षेच्या नियमांमुळे काँक्रीटच्या आवरणात झाकला गेला आहे. बाहेरच्या तुळया त्या सांगाड्याचे केवळ सूचन करतात. चिन्हमीमांसेच्या भाषेत त्या चिन्हक आहेत. एवढेच नव्हे, तर खिडक्यांचे पडदे पूर्ण उघडे, अर्धे किंवा पूर्ण बंद अशा तीनच स्थितींत राहतील अशी योजना केलेली होती. आतल्या माणसाच्या लहरीने बाहेरचे चित्र बिघडू नये, हा तिचा हेतू. म्हणजे कॅमेरा समोर येण्यापूर्वीच इमारतीने आपले छायाचित्र ठरवून ठेवले होते.

याच काळात अमेरिकी विद्यापीठांत नवसमीक्षेचा प्रभाव होता, हे साहचर्य लक्षणीय आहे. कवितेला कवीच्या हेतूपासून आणि वाचकाच्या प्रतिसादापासून अलग करून तिच्या स्वायत्त रचनेचा विचार करावा, ही नवसमीक्षेची भूमिका. वास्तूला रस्त्यापासून, शेजारापासून, रहिवाशापासून अलग करणारी चौकट ही तिचीच दृश्य बहीण म्हणता येईल. दोन्ही पद्धतींनी सूक्ष्म अवलोकनाची शिस्त दिली, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. दोन्ही पद्धतींनी वापराचा इतिहास मात्र चौकटीबाहेर ठेवला.

उत्तर-आधुनिक वळणावर ही चौकट मोडली, असा समज आहे. एड रुशे यांनी १९६६ साली 'सनसेट स्ट्रिप'वरील प्रत्येक इमारतीचे छायाचित्र चालत्या वाहनावरून घेऊन त्यांची घडीची लांबलचक पट्टी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. येथे निवड नाही, उत्कट क्षण नाही. रॉबर्ट व्हेंचुरी आणि डेनिस स्कॉट ब्राऊन यांनी १९६८ मध्ये येल विद्यापीठातील विद्यार्थ्यांसह लास वेगासचा अभ्यास केला, तेव्हा रुशे यांची ही पद्धत त्यांच्यासमोर होती. मोटारीतून दिसणारे शहर, त्यातील पाट्या आणि दिवे हाच त्यांचा पाठ्यविषय ठरला. १९७२ च्या त्यांच्या ग्रंथाने इमारतीला मुखवटा असू शकतो आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही, हे निःसंकोचपणे मांडले.

परंतु मुखवट्याला मान्यता मिळताच छायाचित्राचे काम उलट सोपे झाले. मायकेल ग्रेव्हज यांची पोर्टलंड शहरातील पंधरा मजली कार्यालयीन इमारत (१९८२) रंगीत दर्शनी भागामुळे, प्रचंड आकाराच्या सपाट स्तंभांमुळे नियतकालिकांच्या पानांवर तत्काळ गाजली. तिच्या लहान खिडक्यांमागील अंधाऱ्या कचेऱ्या आणि पुढे सुरू झालेली पाण्याची गळती त्या छायाचित्रांत येणे शक्य नव्हते. २०२० मध्ये पूर्ण झालेल्या मोठ्या नूतनीकरणापर्यंत हा आतला इतिहास चालू राहिला. याउलट जॉन पोर्टमन यांच्या लॉस एंजलिसमधील बोनाव्हेंचर हॉटेलाची परावर्तक काच कॅमेऱ्याला शहराचीच वेडीवाकडी प्रतिमा परत करते. आतल्या अवकाशात माणसाला दिशा सापडत नाही, हा जेम्सन यांचा मुद्दा म्हणूनच प्रभावी ठरला. तो छायाचित्र पाहून सुचलेला नाही, तेथे वावरल्यावर सुचला आहे.

या विवेचनाची खरी कसोटी सेंट लुईसमधील प्रुइट-आयगो वसाहतीपाशी लागते. मिनोरू यामासाकी यांनी रचलेल्या, प्रत्येकी अकरा मजल्यांच्या ३३ इमारतींची ही सार्वजनिक वसाहत १९५० च्या दशकाच्या मध्यास उभी राहिली आणि १९७२ ते १९७६ या काळात पाडली गेली. १५ जुलै १९७२ रोजी दुपारी ३ वाजून ३२ मिनिटांनी आधुनिक वास्तुकला मरण पावली, असे जेंक्स यांनी जाहीर केले. डेव्हिड हार्वी यांच्यासारख्या साक्षेपी अभ्यासकानेही १९८९ च्या ग्रंथात ती वेळ पुन्हा नोंदविली. वस्तुतः तेथील पहिली इमारत १६ मार्च १९७२ रोजीच पाडण्यात आली होती. मृत्यूच्या या वार्तेला विश्वसनीयता दिली ती धुळीच्या लोटात कोसळणाऱ्या इमारतीच्या छायाचित्राने. कोसळणारी इमारत पाहताच रचनाच सदोष होती, हा निष्कर्ष आपोआप निघतो.

कॅथरीन ब्रिस्टल यांनी १९९१ मधील निबंधात या मिथकाची चिकित्सा केली. वसाहतीच्या देखभालीचा खर्च भाड्यातूनच भागवायचा होता. त्याच काळात शहराची लोकसंख्या १९५० मधील सुमारे साडेआठ लाखांवरून १९७० मध्ये सुमारे सव्वासहा लाखांवर आली. गोरा मध्यमवर्ग उपनगरांत गेला. मागे राहिले बहुतांशी गरीब कृष्णवर्णीय रहिवासी. घरे रिकामी पडत गेली तसे भाडे घटले, भाडे घटले तशी दुरुस्ती थांबली. १९६९ साली रहिवाशांनी भाडेबंदीचा लढाही दिला. यातले काहीही त्या छायाचित्रात नाही. एका वाङ्मयीन-सांस्कृतिक कालखंडाच्या समाप्तीचे प्रतीक म्हणून ते वापरताना, ज्यांची घरे पाडली गेली ती माणसे दुसऱ्यांदा बेघर होतात, हे समीक्षकाच्या ध्यानात येत नाही.

याचा अर्थ छायाचित्र अविश्वसनीय म्हणून बाजूला सारावे असा नाही. ते नसते तर दूरच्या वाचकाला या वास्तूंचा परिचयही झाला नसता. छायाचित्राचे वाचन संहितेसारखे व्हावे, एवढीच अपेक्षा आहे: कॅमेरा कोठे उभा होता, कोणत्या प्रहरी, कोणासाठी, आणि चौकटीच्या कडेला काय कापले गेले? आधुनिक आणि उत्तर-आधुनिक हा भेद वास्तूंच्या दर्शनी भागावर जितका स्पष्ट दिसतो, तितका तो जिन्यात, गळक्या छताखाली आणि भाड्याच्या हिशेबात दिसत नाही. मराठी समीक्षेने या संज्ञा स्वीकारताना त्यांच्यासोबत आलेली चित्रेही तपासून घेतली पाहिजेत. अन्यथा परक्या शहरातील एका कोसळत्या इमारतीच्या धुळीलाच ती सिद्धान्त समजत राहील.