चित्तप्रसादांचीं मुलें

बंगाली चित्रकार चित्तप्रसाद यांच्या 'हंग्री बेंगाल' या १९४३ च्या दुष्काळावरील सचित्र पुस्तकाच्या प्रती ब्रिटिश सरकारनें जप्त करून जाळल्या. पुढें मुंबईस राहून त्यांनीं राबणाऱ्या मुलांवर 'एंजल्स विदाउट फेअरी टेल्स' ही लिनोकटची माला कोरली. १९६९ मध्यें युनिसेफच्या डॅनिश समितीनें ती प्रसिद्ध केली. लिनोलियमचा कोरलेला भाग कागदावर पांढरा राहतो, न कोरलेला काळा उमटतो. अर्थात् हे चेहरे काळोखांतून रेघ रेघ खणून काढलेले आहेत. क्वचित् ही रेघ अलंकाराकडे झुकते व दुःख देखणें होतें, हा दोष मान्य केला पाहिजे. तथापि हीं मुलें आपणांपाशीं दया मागत नाहींत; हिरावलेलें बालपण हक्कानें परत मागतात. शिवाय एका ठोकळ्यावरून अनेक ठसे निघतात. त्यामुळें हें मागणें एखाद्या धनिकाच्या दिवाणखान्यांत कोंडलें जात नाहीं, आणि एक प्रत जाळून संपतही नाहीं.