कथिलाचा कट्टा

पूर्व लंडनमधल्या वॅपिंगला, टेम्सच्या अगदी काठावर ‘द प्रॉस्पेक्ट ऑफ व्हिटबी’ नावाचा पब आहे. १५२० सालापासून इथे मद्यालय चालू आहे, असं तो अभिमानाने मिरवतो. ते साल डोक्यात ठेवून आत शिरलात तर मात्र फसाल. मधे एकदा आग लागली, आणि आज दिसते ती वास्तू बरीचशी १९व्या शतकाच्या सुरुवातीची. आगीच्या आधीचं म्हणून जे दाखवतात, ते पायाखाली आहे: दगडी फरशी. म्हणून हा पब खालून वर वाचत जावा.

फरशीनंतर नजर जाते ती काउंटरवर. बियरची पिंपं उभी मांडून त्यांवर हा लांबलचक कट्टा टेकवला आहे आणि वरचा पृष्ठभाग प्यूटरचा, म्हणजे मुख्यतः कथिलाच्या मिश्रधातूचा. हा धातू मऊ. ग्लास आपटला की पोचा पडतो, कोपर घासलं की ओरखडा उठतो आणि तो तसाच राहतो. पितळेसारखा तो चकाकत नाही. खिडकीतून नदीवरचा पांढुरका उजेड आला की हा पत्रा तो शोषून मंद करून परत देतो. काळपट लाकडी फळ्यांनी मढवलेल्या बुटक्या खोलीत असा उजेड हवाच होता. इथे संगमरवर घातला असता तर सगळी खोली थंड पडली असती.

छताला आधार म्हणून जहाजाच्या डोलकाठ्या आहेत. आगीनंतरच्या घरात त्या नंतरच आल्या असणार, म्हणजे ही सजावट. पण मला ती खटकत नाही. या बंदरात लाकूड, दोर, पिंपं यांचाच सुकाळ. हाताशी होतं त्यातूनच घर सजलं. पबचं नावही तसंच आलं. त्याला पूर्वी ‘डेव्हिल्स टॅव्हर्न’ म्हणत. पुढे व्हिटबी बंदरात नोंदलेलं ‘प्रॉस्पेक्ट’ नावाचं कोळशाचं जहाज समोर नांगरलेलं असे, ते नाव पबला चिकटलं.

खटकतो तो मागच्या बाजूला, नदीच्या वाळवंटावर टांगलेला फाशीचा दोर. वॅपिंगला समुद्री चाच्यांना फाशी देत, हे खरं. भरतीचं पाणी तीनदा अंगावरून जाईपर्यंत प्रेत तिथेच ठेवण्याचा रिवाज होता. कॅप्टन किड १७०१ मध्ये इथेच गेला, आणि शेवटच्या फाशा १८३० च्या. पण ती जागा नेमकी कुठली यावर एकमत नाही, आणि आसपासचे पब तिच्यावर हक्क सांगत बसलेत. त्यातला ‘कॅप्टन किड’ तर १९८० च्या दशकात एका जुन्या गोदामात उघडला, तरी पहिल्या नजरेला शतकं पाहिलेला वाटतो! त्याच्या शेजारी प्रॉस्पेक्ट प्रामाणिकच म्हणायचा. दोर तेवढा पर्यटकांच्या फोटोंसाठी.

या वास्तूचं खरं सौंदर्य तिच्या बसण्यात आहे. पश्चिमेकडे, वेस्टमिन्स्टरच्या बाजूला, इंजिनियर बॅझल्जेटने १८७० मध्ये बांधून पुरा केलेला व्हिक्टोरिया बंधारा आला आणि घरं व नदी यांच्या मधे रस्ता पसरला. वॅपिंगला तसं झालं नाही. इथली मागची भिंत थेट पाण्यात उतरते. रस्त्याकडून पाहिलं तर बारीक काचांच्या खिडक्यांचं एक साधं दुकानवजा तोंड. मागे गेलं की सज्जा, गच्ची आणि टेम्सचं रुंद वळण. पुढचं दार रस्त्यासाठी, पण तोंड नदीकडे. इथे नदी म्हणजे धक्का, गिऱ्हाईक आणि पोटापाण्याची वाट होती. देखावा ती नंतर झाली.

समोरच्या रस्त्यापलीकडे १८९० चं, वीजघरासारखं दिसणारं विटांचं हायड्रॉलिक केंद्र आहे. ते वीज नव्हे, पाण्याचा दाब पुरवायचं. गोद्यांमधल्या याऱ्या आणि लिफ्ट त्यावर चालत. १९७७ मध्ये ते थांबलं, त्याआधीच १९६९ मध्ये लंडन डॉक्स बंद झाले होते. शेजारच्या गोदामांचे आता महागडे फ्लॅट झालेत. खलाशी गेले, पिंपं काउंटरखाली अडकून राहिली.

पबला लागून एक अरुंद बोळ आहे, पेलिकन स्टेअर्स. तो पायऱ्यांनी नदीत उतरतो. लंडनच्या या भागात मोठ्या भरतीला आणि ओहोटीला पाण्याच्या पातळीत सातेक मीटरचा फरक पडतो. म्हणजे एकाच दिवसात हा पब पाण्यात उभा असतो आणि चिखल-गोट्यांच्या काठावरही. जायचंच तर भरतीचं वेळापत्रक पाहून ओहोटीला जा, आधी पायऱ्या उतरून भिंतीचा पाया बघा, मग वर येऊन बियर मागवा. पायऱ्यांवर शेवाळ असतं, तेवढं जपून.